उद्या दोन वाजता

अदिस अबाबात कुणाच्या घरी उतरलात, तर पहिल्याच रात्री घरची बाई विचारेल, "सकाळी नाश्ता दोन वाजता चालेल ना?" दचकू नका. दोन म्हणजे आपले आठ. इथिओपियात दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, उजाडल्यावर सुरू होतो. सूर्य साधारण सहाला उगवतो, तिथून तास मोजायचे. सात वाजले की त्यांचा एक, दुपारचे बारा म्हणजे सहा. सूर्य मावळला की रात्रीचे तास पुन्हा एकपासून. देश विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे सूर्योदय वर्षभर फारसा मागेपुढे होत नाही आणि हा हिशेब सुखाने चालतो. आपल्याकडेही सूर्योदयापासून घटका मोजत आणि लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडत. त्या काळच्या माणसाला अदिसचं घड्याळ लगेच कळलं असतं. आपल्यासाठी सोपी युक्ती एकच: तास काट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. काटा आठवर असेल तर समोर दोन. संपलं.

गोंधळ मात्र व्हायचा तो होतोच, कारण परदेशी माणसाशी बोलताना काही जण मुद्दाम आपल्या घड्याळात वेळ सांगतात आणि काही जण विसरतात. म्हणून प्रत्येक भेटीच्या वेळी विचारून घ्यायचं: "फेरेंज की हबेशा?" म्हणजे गोऱ्यांची वेळ की इथली. हे दोन्ही शब्द मराठी माणसाला घरचेच वाटतील. एक आपला फिरंगी, दुसरा आपला हबशी. आपल्याकडे हबशी हा शब्द कधी कधी हिणवायलाही वापरला गेला; तिथे 'मी हबेशा' असं माणूस छाती पुढे काढून सांगतो. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर त्याच देशात जन्मला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्याने वसवलं आणि तिथे पाण्याची नहर आणली. नहरीचा एखादा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जेवणानंतर यजमानांना दाखवायला याहून चांगलं काही मी नेलं नव्हतं.

आता निघण्याआधीचं, थोडक्यात. मुंबईहून अदिसला थेट विमान आहे. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. व्हिसा ऑनलाइन मिळतो; अर्जात उतरण्याचा पत्ता लागतो, तेव्हा यजमानांचं पूर्ण नाव, फोन आणि भागाचं नाव आधीच मागून घ्या. खरं महत्त्वाचं आहे ते पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड. अनेकांना वाटतं, ते तिकडे शिरताना लागतं. आपल्याला ते जास्त लागतं परत येताना. इथिओपिया पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे, आणि तिथून येणाऱ्याजवळ दाखला नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

घर मिळवायचे मार्ग तीन. ओळखीतून, पैसे देऊन खोली घेऊन, किंवा पाहुणचाराची देवघेव करणाऱ्या मंडळींकडून. सर्वास ही तशी जुनी संस्था, १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली. तिची पद्धत साधारण दोन रात्रींची. माझं मत विचाराल तर अदिसमध्ये पहिला मार्ग सगळ्यांत सोपा आहे, कारण तिथे ओळखीची ओळखही चालते. फेब्रुवारीत आफ्रिकी संघाची शिखर परिषद अदिसमध्ये भरते तेव्हा हॉटेलं महागतात आणि भरतातही. त्या दिवसांत घर मिळालं तर नशीबच म्हणायचं. कुठल्याही मार्गाने गेलात तरी तीन गोष्टी आधी विचारा: खोली वेगळी आहे का, पाणी कोणत्या दिवशी येतं, आणि घरात उपास चालू आहे का. पहिला प्रश्न कुणीही विचारील. दुसरा-तिसरा का, ते पुढे येईलच.

विमानतळावरून घरी पोचणं ही पहिली परीक्षा. अदिसमध्ये घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव यांवर कुणी घर शोधत नाही. पत्ता असतो तो खुणांचा: अमक्या चर्चच्या मागे, तमक्या बँकेसमोर उतरून डावीकडे, निळं फाटक. त्यातही खुणा बदलतात. पियासा हा शहराचा जुना बाजारभाग, नाव इटालियन. २०२४ मध्ये रस्ते रुंद करण्याच्या मोठ्या योजनेत त्याचा बराच भाग पाडला गेला. सांगणारा अजून जुन्या दुकानाची खूण सांगतो आणि तिथे मोकळं मैदान असतं. त्यामुळे तिथले लोक करतात तेच करा: यजमानांना फोन लावा आणि तो थेट टॅक्सीवाल्याच्या हातात द्या. दोघं अम्हारिकमध्ये दोन मिनिटं बोलतील, मधेच हसतील, आणि तुम्ही पोचाल. यासाठी स्थानिक सिमकार्ड विमानतळावरच घ्या, पासपोर्ट लागतो.

फोनवर बोलताना टॅक्सीवाला अचानक दचकल्यासारखा श्वास आत ओढेल. काही वाईट घडलेलं नाही. तो 'हो' म्हणाला. 'आव' म्हणजे हो, आणि बोलण्याच्या भरात पुष्कळ लोक ते श्वास आत घेत म्हणतात, कधी तर नुसता श्वासच ऐकू येतो. पहिल्या दिवशी मी घरच्या आजींना तीनदा "काय झालं?" असं विचारलं. चौथ्यांदा नातवाने मला बाजूला घेऊन समजावलं. दुसरा शब्द 'ईशी'. म्हणजे बरं, चालेल, ठीक, हो ना, बघू. आपल्या 'बरं'इतकाच लवचीक, आणि तितकाच बेभरवशाचाही.

नावांचं एक सांगायला हवं, कारण तिथे आपल्याला चक्क सोपं जातं. इथिओपियात आडनाव नसतं. माणसाचं नाव, मग वडिलांचं नाव, बस. १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारे अबेबे बिकिला यांच्या नावातलं बिकिला हे वडिलांचं नाव. त्यामुळे त्यांना 'मिस्टर बिकिला' म्हणणं म्हणजे बापाला हाक मारणं. हाक पहिल्या नावानेच मारायची, पुढे मानाचा शब्द लावून: पुरुषाला 'आतो', लग्न झालेल्या बाईला 'वेझेरो'. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही, त्यामुळे नवरा-बायकोच्या नावांत काहीच समान नसतं. त्यावरून तर्क करू नका. मधलं नाव वडिलांचं, ही आपलीच पद्धत. फक्त त्यांचं गाडं तिथेच थांबतं. तू आणि तुम्ही हा भेदही भाषेत आहे आणि वडीलधाऱ्यांना तुम्हीच म्हणायचं. हात मिळवताना आपला डावा हात उजव्या कोपराला लावला की आदर पोचतो. नातं जवळचं असेल तर गालाला गाल लावतात, पुरुष खांद्याला खांदा भिडवतात. पुढाकार त्यांना घेऊ द्या.

घर बहुधा दोन प्रकारचं. एक म्हणजे भिंतीच्या आतलं आवार आणि पत्र्याचं फाटक, मोठ्या घराला राखणदार. दुसरं म्हणजे 'कोंडोमिनियम', सरकारने बांधलेल्या चार-पाच मजली इमारतींतली सदनिका, सोडतीत लागलेली. आपल्या म्हाडाची सोडत ज्याने पाहिली आहे त्याला सोडतीच्या गोष्टी ऐकताना फार मजा येईल; प्रत्येक घरात एक असतेच. वरच्या मजल्याला लिफ्ट बहुतेक नसते, आणि इथे पहिल्या दिवशी शहराची उंची कळते. अदिस समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरापेक्षा सातशे मीटर उंचावर बॅगा घेऊन जिना चढताय. धाप लागते, डोकं जड होतं, रात्री झोप तुटते. दोन दिवस हळू चाला, पाणी प्या, यजमान आग्रह करतील तरी पहिल्या संध्याकाळी एन्तोतोच्या डोंगरावर जाऊ नका. आणि स्वेटर न्या. जून ते सप्टेंबर तिथे पावसाळा असतो आणि जुलैतल्या रात्री चांगल्याच गार असतात. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून सुती शर्ट घेऊन गेलेल्याला घरच्या माणसाचं जाकीट घालून फिरावं लागतं. मी फिरलो.

पाणी अनेक भागांत वारांवर येतं. आलं की टाकी, पिंप, पिवळे कॅन सगळं भरून घ्यायचं. तुम्ही गेलात तो दिवस पाण्याचा नसेल, तर तुमची लांबलचक आंघोळ म्हणजे कुणाच्या तरी दोन दिवसांच्या भांड्यांचं पाणी. बादली-मग दिसला की समजायचं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण परदेशात गेल्यावर माणूस उगीच शॉवरचा हट्ट धरतो. वीजही जाते, चार्जिंग मिळेल तेव्हा करून घ्यावं. दोन गोल पिनांचे आपले चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचे नाही.

पहाटे झोपमोड होईल ती लाउडस्पीकरने. चर्चची प्रार्थना उजाडायच्या खूप आधी सुरू होते, मग कुठूनतरी अजान, आणि या दोन्हींच्या मधल्या वेळात गल्लीतली कुत्री.

आता जेवण. इथे घाईने पुढे जाता येणार नाही.

इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या धान्याची मोठी, मऊ, आंबट पोळी. टेफचा दाणा राजगिऱ्याहूनही बारीक. पीठ भिजवून, मागच्या वेळचं विरजण घालून दोन-तीन दिवस आंबवतात. मग 'मितद' नावाच्या रुंद सपाट तव्यावर, आता बहुतेक विजेच्या, कडेकडून आत वर्तुळं काढत पीठ ओततात आणि झाकतात. उलटायची नाही. वरच्या बाजूला जाळी पडते. आपल्या आंबोळीला पडते तशीच. घरात हे रोज होत नाही, दोन-तीन दिवसांचा साठा एकदम घालतात, आणि ज्या दिवशी घालतात त्या दिवशी स्वयंपाकघरात उभं राहून पाहायची परवानगी मागा. बाईंनी मला एक घालायला दिली. ती भारताच्या नकाशासारखी झाली, असं मी म्हणालो. खरं तर ती कशासारखीच झाली नव्हती. ती त्यांनी निमूटपणे सगळ्यांत खाली ठेवली.

ताटात इंजेरा पसरतात आणि तिच्यावरच कालवणं वाढतात. मधे शिरो. नाव ऐकून शिरा समजू नका. ते पिठलं आहे. भाजलेल्या हरभऱ्याचं वा इतर कडधान्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेर्बेरे हा लाल मसाला. चव घेतल्यावर माझ्या तोंडून 'पिठलं' असंच बाहेर पडलं आणि घरातल्या मुलांनी तो शब्द पाठ केला. जेवायच्या आधी कुणीतरी तांब्या आणि घंगाळ घेऊन तुमच्यासमोर येईल आणि हातावर पाणी घालेल. उजव्या हाताने इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात कालवण चिमटीत धरायचं आणि तोंडात. बोटं कालवणात बुडवायची नाहीत, चाटायची तर मुळीच नाहीत. भुरका मारून आमटी ओरपणाऱ्या आपल्यासारख्यांना इथे जरा आवरावं लागतं.

पण मराठी माणसाची खरी अडचण ही नाही. ताट एकच असतं. घरातली चार-पाच माणसं आणि पाहुणा एकाच ताटातून खातात. आपल्या डोक्यात उष्ट्या-खरकट्याचा हिशेब लहानपणापासून इतका पक्का बसलेला असतो की हात थबकतो. त्यांच्या बाजूने पाहिलं तर नियम आहेत आणि ते कडक आहेत: आपल्यासमोरच्या भागातूनच खायचं, पलीकडे हात न्यायचा नाही, तोंडाला लावलेला तुकडा परत ताटात नाही. म्हणजे उष्टं न करण्याची काळजी तेही घेतात, फक्त ताट वेगळं करून नव्हे. एवढं लक्षात आलं की हात मोकळा होतो. मग येतो गुर्शा. यजमान स्वतःच्या हाताने मोठा घास करून तुमच्या तोंडाजवळ आणतात. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी नाव घेऊन घास भरवतात. तिथे हा मान कुणालाही, कधीही. घास मोठा असतो, फार मोठा. नाही म्हणायचं नाही. तोंड उघडायचं, चावायचं, आणि सावकाश परत एक घास त्यांना द्यायचा. तो देताना माझा हात थरथरला, कारण आईनंतर मी कुणाला भरवलं नव्हतं.

शाकाहारी असाल तर 'सिगा अल्बेलाम', मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. पण त्याहून उपयोगी शब्द 'त्सोम', म्हणजे उपास. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत दर बुधवारी-शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवस उपास असतो. हा आपल्या उपासाच्या बरोबर उलट आहे. आपण धान्य सोडतो आणि दूध-तुपावर तुटून पडतो. ते दूध, तूप, अंडी, मांस सोडतात आणि डाळ-भाकरीसारखं पोटभर जेवतात. पाळणारे तर दुपारी तीनपर्यंत, म्हणजे त्यांच्या नऊपर्यंत, काहीच खात नाहीत. त्यामुळे 'त्सोम' म्हटलं की मसूर, भाजी, बीट, शिरो असं तेलातलं पंगतीसारखं ताट समोर येतं. हॉटेलात त्याला 'बेयायनेतू' म्हणायचं. उलट उपास नसलेल्या दिवशी शिरोवरही मसाल्याचं तूप पडलेलं असतं. आणि उपास सुटायच्या दिवशी घरात कोंबडीचं 'दोरो वोत' शिजतं, कांदा तासन्‌तास परतून. त्या दिवशी शाकाहारी पाहुणा म्हणजे घरातल्या बाईची खरी पंचाईत. म्हणून घर ठरवतानाच विचारून घ्यायचं. घर मुस्लीम असेल तर उपासाचं वेळापत्रक वेगळं, आणि दोन्ही धर्मांची माणसं एकमेकांच्या हातचं कापलेलं मांस खात नाहीत. बाहेरून मांसाचा पदार्थ भेट म्हणून नेऊ नका.

न्यायचं काय, तर कॉफी, साखर, फळं. इथिओपियात कॉफी न्यायची म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखं, पण तिथे ते चालतं, कारण कॉफी घरात रोज लागते. भारतातून मी चहापत्ती आणि चिवडा नेला. चिवडा पहिल्या संध्याकाळी संपला.

कॉफी, म्हणजे बुना, हा पाहुणचाराचा गाभा. तिला किमान एक तास लागतो आणि तो वाचवता येत नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरतात. निखाऱ्यावर धूप पडतो. घरातली बाई किंवा मुलगी बुटक्या स्टुलावर बसून कच्चे दाणे धुते, तव्यावर भाजते. दाणे तडतडू लागले, तेलकट काळे झाले, की ती तवा उचलून प्रत्येकासमोर फिरवते. हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि दाद द्यायची. आरती घेतो तसा हात आपोआप होतो. मग खलबत्त्यात कुटणं, मग काळ्या मातीच्या निमुळत्या गळ्याच्या 'जेबेना'त उकळणं. कान नसलेल्या छोट्या कपांवर, 'सिनी'वर, उंचावरून न थांबता धार. सोबत लाह्या, नाहीतर भाजलेल्या दाण्यांचा 'कोलो'. कपात कधी एक हिरवी काडी टाकतात, 'तेना आदाम'. वास घेतला आणि ओळखला: आपली सताप.

एकाच चोथ्यावर पाणी घालून तीन फेऱ्या होतात. पहिली अबोल, दुसरी तोना, तिसरी बेरेका, म्हणजे आशीर्वाद, आपल्या बरकतीचीच बहीण. तिसरी पातळ असते, पण तिच्या आधी उठू नये. शेजारीण येते, भाव विचारले जातात, कुणाच्या लग्नाचं ठरतं. घरातल्या आजोबांनी याच बैठकीत मला सांगितलं की शाळेत त्यांना गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. सम्राट हायले सेलासी यांच्या काळात इथिओपियाच्या शाळांत हजारो भारतीय शिक्षक होते, आणि त्या पिढीतला जो भेटतो तो आपल्या मास्तरांची छडी आठवून सांगतो. त्याबद्दल माफी मागावी की आभार मानून घ्यावेत, मला ठरवता आलं नाही. गप्पांत एकच विषय टाळा: कोण कुठल्या जमातीचं. २०२० नंतरच्या लढायांनी हा प्रश्न दुखरा करून ठेवला आहे. कुणी आपणहून बोललं तर ऐका. शहराबाहेर जायचं तर आपल्या दूतावासाच्या सूचना आधी वाचा.

शहरात फिरायला निळ्या-पांढऱ्या मिनीबस. दारात लटकलेला पोरगा, 'वोयाला', "बोले बोले बोले", "मेक्सिको मेक्सिको" असं ओरडत असतो. मेक्सिको हा चौक आहे. उतरायचं तर "वराज आले", उतरणारा आहे, असं म्हणायचं. मर्काटोच्या बाजारात पहिल्यांदा यजमानांबरोबरच जा, आणि पाकीट पुढच्या खिशात.

पैशांचं नाजूक आहे. खोली भाड्याने घेतली असेल तर प्रश्न नाही, रोख द्या. ओळखीतून उतरला असाल तर नोटा पुढे करणं म्हणजे त्यांना हॉटेलवाला ठरवणं. बाजारातून येताना तेल, साखर, कॉफी घेऊन या आणि न बोलता स्वयंपाकघरात ठेवा. घरात कामाला मुलगी असेल तर निघताना तिच्या हातावर वेगळं काही ठेवा. तुमची जादा भांडी तिनेच घासलेली असतात. बाहेर जेवायला "चला" म्हणणाऱ्याने बिल द्यायचं असा रिवाज आहे, तेव्हा एकदा तरी तुम्ही आधी "चला" म्हणा.

तारखाही तपासून घ्या. इथिओपियाचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ मागे असतं. २००० साल त्यांनी १२ सप्टेंबर २००७ ला साजरं केलं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच-सहा दिवसांचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून जायची तारीख सांगू नका.

विमानाची वेळ मात्र तिकिटावर जगाच्या घड्याळाची असते. आदल्या रात्री बाईंनी विचारलं, "विमान किती वाजता?" मी म्हणालो, "साडेदहा." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "फेरेंज की हबेशा?" मी सांगितलं. त्यांनी श्वास आत ओढला, उठल्या, आणि निखारे पेटवायला गेल्या. तिसऱ्या फेरीपर्यंत पुरेल एवढा वेळ होता.